मोटारीचं सोवळं

आमची मोटार मुळात एका गोऱ्या साहेबाची. साहेब नोकरी संपवून विलायतेला परत चालला तेव्हा त्याने कुत्रं, पियानो आणि मोटार अशा तीन गोष्टी नागपुरात सोडल्या. कुत्रं दुसऱ्या साहेबाने नेलं, पियानो क्लबात गेला आणि जे कुणालाच नको होतं ते आमच्या धंतोलीतल्या घरी आलं. बाबा वकील होते. वकील मोटारीतून उतरला की समोरचा पक्षकार अर्धा तिथेच गार होतो, अशी त्यांची समजूत होती. पक्षकारांचं मला ठाऊक नाही, शेजाऱ्यांची गुरं मात्र फार घाबरत.

मोटार काळी होती, कापडी टपाची, पुढून हँडल मारून सुरू करायची. तिचं बॉनेट मधून दुमडून दोन्ही बाजूंनी उघडत असे. पाहुणा आला की चहाच्या आधी बाबा त्याला बॉनेट उघडून दाखवत. "हे हृदय, ही फुप्फुसं, आणि ह्या रक्तवाहिन्या." पाहुणा मान डोलवी. बाबा ज्याला हृदय म्हणत ती पाण्याची नळी होती. मी तेव्हा इंटर सायन्सला होते, थोडंफार कळत होतं, पण वडिलांच्या हृदयाला मुलीने नळी कसं म्हणायचं? बाबांनी स्वतः त्या इंजिनात कधी बोटही घातलं नाही. त्यामुळे आत साहेबाच्या काळापासूनची धूळ, तेल आणि काजळी यांचा जाड लेप बसला होता आणि त्यावर चिमणीची दोन पिसं कायमची चिकटली होती.

ते इंजिन शेवटी धुतलं गेलं ते उमरेडमुळे.

उमरेड हे आईचं माहेर. आजोबा कोष्ट्यांकडून रेशीमकाठी धोतरं विणून घेत आणि विकत. काठ हाच त्यांचा धर्म. आईच्या लग्नात जावयासाठी त्यांनी हातमागापाशी दिवसदिवस बसून एक धोतर विणवून घेतलं. काठ जेमतेम बोटभर, पण त्यातलं रेशीम आणि वीण अशी की जाणत्याने हातात घेऊन खाली ठेवू नये. बाबा जाणते नव्हते. ते नुकतेच वकिली पास झाले होते आणि त्या वयातल्या वकिलासारखा असह्य प्राणी मी पुढेही फारसा पाहिला नाही. भर मांडवात मित्रांपुढे धोतर उलगडून ते म्हणाले, "काठ बोटभरच दिसतो. सासरेबुवांचं मनही एवढंच असणार." मित्र हसले. आजोबा मागेच उभे होते.

झालं. धोतर घडीसकट आईच्या ट्रंकेत तळाशी गेलं आणि बाबांनी पुन्हा उमरेडचं तोंड पाहिलं नाही. आजोबांनीही बोलावलं नाही. माझं सगळं लहानपण आई आणि मी अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेने उमरेडला जाण्यात गेलं. स्टेशनवर उतरलो की आजोबा आमच्या मागे कुणी उतरतं का ते बघत, मग पेटी उचलत. हे दर वेळचं. मला त्याचा फार राग यायचा, आजोबांचा नव्हे, जो उतरत नव्हता त्याचा.

मग आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्या खेपेला आई निघताना ते म्हणाले, "बाई, लोकं मले पुसतात, तुमचा जवाई हाय का गेला? आता येशीन तं जोडीनं ये. नाहीतं येऊच नको. अन् लवकर ये वं माय, थोडं दिसून राह्यलं तवर ये."

आईने बाबांच्या मागे वर्षभर धोशा लावला. रडली नाही, भांडली नाही. रोज पानावर वाढताना तेवढंच एक वाक्य, "आमचे बाबा तुमची वाट बघून राहिले आहेत." वरणभातावर रोज हे वाक्य पडलं तर हायकोर्टाचा न्यायाधीशही शरण येईल. बाबा शरण आले, पण अट घालून. छोट्या गाडीतून उतरून सासऱ्याच्या दारात पायी जाणार नाही. गेलो तर मोटारीने, दसऱ्याला, सगळं उमरेड बघत असताना. आई म्हणाली, "विमानानं चला म्हणाल तरी माझी ना नाही."

त्यानंतर आई घरात गुणगुणत हिंडायला लागली. तिला इतकी आनंदात मी कधी पाहिली नव्हती आणि म्हणूनच माझा जीव खालीवर होत होता. तिचं माहेर आता दोन गोष्टींवर टांगलेलं होतं, बाबांच्या मर्जीवर आणि त्या मोटारीवर. दोहोंचाही भरवसा नव्हता.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांची पूजा असे. शस्त्रं म्हणजे विळी, अडकित्ता, बाबांची कायद्याची पुस्तकं आणि त्या वर्षापासून मोटार. पूजेला बसलेली वस्तू दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायची नाही, वापरायची नाही. त्यामुळे नवमीला घरात भाजी चिरली जात नसे आणि बाबा कायद्याचं काही बोलत नसत. दोन्ही गोष्टी मला आवडत.

पूजेची सगळी सत्ता आत्याकडे होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेत जन्म काढून वैधव्य आल्यावर आमच्याकडे राहायला आलेली. सोवळ्याओवळ्यात तिचा शब्द देवाच्याही वर. देव एखादे वेळी क्षमा करील, आत्या करत नसे.

नवमीच्या सकाळी बाबांनी आपल्या हाताने घात केला. आत्या मोटारीला कुठे कुंकू लावायचं ते बघत होती. बाबांनी बॉनेट उघडलं आणि नेहमीचं व्याख्यान सुरू केलं. पंख्याच्या मागच्या पितळी वाटीवर बोट ठेवून ते म्हणाले, "यात विलायती ग्रीस असतं, अक्का. आपल्याकडच्या वंगणासारखं पातळ नाही. अस्सल जनावराच्या चरबीचं!"

आत्याच्या हातातलं कुंकवाचं ताट तिथल्या तिथे थांबलं.

"चरबी? कोन्या जनावराची?"

बाबांच्या लक्षात आलं, पण उशीर झाला होता. "तसं काही लिहिलेलं नाही डब्यावर," ते म्हणाले.

"चरबी लावलेली वस्तू देवाच्या पंगतीले बसवून राह्यला तू? वकील झाला म्हनून अक्कल गहाण ठेवली का गा? आधी हे सगळं खरडून काढा. धुऊन शुद्ध करा. नाहीतं पूजा नाही. अन् बिनपूजेची गाडी दसऱ्याले दाराबाहेर जाऊ देणार नाही मी."

आईचा चेहरा पांढरा पडला. बाबांचा पडला नाही, हे मी नीट पाहिलं. आईने पदर खोचला आणि मला म्हणाली, "चल."

आम्ही दोघींनी ते इंजिन धुतलं. बाबा आरामखुर्ची टाकून देखरेखीला बसले. आधी रॉकेलमध्ये चिंध्या बुडवून वरचा लेप काढला. मग आईला वाटलं, पितळ आहे तर पितळेसारखंच घासावं. तिने चिंच आणि राख आणली. तांब्याची नळी, पितळी वाटी, रेडिएटरचं टोपण, सगळं तिने पाणी तापवायच्या बंबासारखं घासून लखलखीत केलं. लोखंडाला रिठ्याचं पाणी. चिमणीची पिसं निघाली, एक वाळलेला सरडा निघाला, साहेबाच्या कोटाचं एक बटण निघालं. मी तारांभोवती आणि त्या तारा जिच्यात जाऊन बसतात त्या काळ्या टोपीभोवती कोरडं फडकं गुंडाळून ठेवलं होतं आणि "इथे पाणी नको, इथे पाणी नको" असं ओरडत होते. बाबा खुर्चीतून म्हणाले, "रक्तवाहिन्यांना पाण्याने काय होतं?" आई म्हणाली, "ती सांगते तसं करू." त्या दिवशी आईने पहिल्यांदाच बाबांचं वाक्य माझ्या वाक्यापेक्षा खालच्या जागी ठेवलं.

दुपारपर्यंत इंजिन असं झालं की त्यात तोंड दिसावं. उन्हात खडखडीत वाळवलं. काळ्या लोखंडामधून ती तांब्याची नळी अशी चमकत होती की बाबांचं हृदय प्रथमच हृदयासारखं दिसलं. मला खरोखर अभिमान वाटला. आईचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते, चिंचेने बोटं चरचरत होती आणि ती हसत होती.

आता पितळी वाटी रिकामी झाली होती. त्यात काहीतरी घालणं भाग होतं, नाहीतर पंखा कोरडा फिरून अडकला असता. चरबी तर चालणार नव्हती. आत्याने तोडगा काढला. घरचं, गाईचं, सोवळ्यात कढवलेलं तूप. आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, एका दिवसाला चालेल बहुतेक. कॉलेजात तुपाविषयी काही शिकवलेलं नव्हतं.

तेवढ्यावर थांबली असती तर ती आत्या कसली! मोटारीच्या तारा तेव्हा रबराच्या असत आणि वरून सुती धाग्याचं विणलेलं आवरण असे. आत्याने ती बोटांत धरून पाहिली. तिला वाटलं, या वाती. आम्ही हातपाय धुवायला गेलो तेवढ्यात तिने एकूण एक तार तुपात बोटं बुडवून माखली. मी परत आले तर ती समाधानाने बघत उभी.

"आत्या, हे काय केलं?"

"वातीले तूप नको का वं? कोरड्या होत्या माय साऱ्या. तुझ्या बापाले इतकंही समजत नाही, अन् मोटार ठेवते!"

पुसून टाकू म्हटलं तर तिने माझा हात धरला. पूजेचं तूप पुसायचं नसतं. संध्याकाळी पूजा झाली. इंजिनावर झेंडूची माळ, रेडिएटरवर स्वस्तिक, पुढे नैवेद्याचा शिरा. निरांजन तेवढं मी पेट्रोलपासून लांब, पार तुळशीपाशी नेऊन ठेवलं. आत्याला ते आवडलं नाही, पण बाबांनी पहिल्यांदाच माझी बाजू घेतली. पेट्रोल त्यांनी विकत आणलेलं होतं. मग मोटारीला तिथेच, माळेसकट, शिऱ्यासकट आणि तुपासकट, पत्र्याच्या खोलीत बंद केलं. उत्तरपूजेपर्यंत हात लावायची सोय नव्हती.

दसऱ्याला दुपारी उत्तरपूजा झाली. आईने नवं लुगडं नेसलं होतं. आपट्याच्या पानांची जुडी ओल्या फडक्यात बांधून मांडीवर घेतली होती. या वर्षी पहिल्यांदा तिचा नवरा तिच्या वडिलांच्या हातात सोनं देणार होता. ती मोटारीत आधीच जाऊन बसली. बाबा कोट, पगडी, उपरणं अशा थाटात आले, कोट काढून माझ्याकडे दिला आणि हँडल मारलं.

काही नाही.

पुन्हा मारलं. मोटारीने नुसता उसासा टाकला. पगडी उतरली, उपरणं उतरलं, बाबा घामाने निथळले. मोटार ढिम्म. शेवटी बाबांनी हँडल खाली टाकलं, कपाळ पुसलं आणि आकाशाकडे बघितलं.

"दैवाचीच इच्छा दिसत नाही," ते म्हणाले. "आता छोटी गाडीही गेली असेल. पुढच्या वर्षी बघू."

आवाज दुःखाचा होता. पण मी त्यांना कोर्टात खटला हरल्यावरही बघितलं होतं आणि जिंकल्यावरही. हा चेहरा जिंकल्याचा होता. आईनेही तो बघितला. ती मोटारीतून उतरली. तिने जुडी सीटवर ठेवली आणि माझ्या जन्मात मी ऐकलेल्या तिच्या सर्वांत मोठ्या आवाजात बोलली.

"दैवाला मध्ये घालू नका! तुम्हाला जायचं नाही आहे. तुम्हाला काल सकाळीही जायचं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांना दिसणार नाही, मग तुम्ही गेलात काय अन् मी दगड नेऊन उभा केला काय, त्यांना सारखंच!"

 आत्या दारातून म्हणाली, "हळू वं, सणाचा दिवस हाय." आई तिच्याकडे वळली. "वन्सं, तुम्ही पण एक अक्षर बोलू नका." आणि आत्या खरोखर गप्प बसली. हा चमत्कार त्या घरात पुन्हा कधी झाला नाही.

आईने बॉनेट उघडलं. आम्ही दोघी आत वाकलो. आम्हीच आदल्या दिवशी घासलेलं, त्यामुळे काय कुठे होतं ते पाठ होतं. पहिलं दिसलं ते हे, की शिरा साफ गायब होता. दुसरं, तांब्याच्या नळीपाशी उंदराच्या लेंड्या. तिसरं, सगळ्यांत जाड तार, जी काळ्या टोपीच्या मधोमध जाते, ती एका जागी कुरतडून उघडी पडली होती. उंदरांनी तूप चाटता चाटता सूत खाल्लं, रबर खाल्लं आणि तांबं लागल्यावर कंटाळून सोडून दिलं. उघडं तांबं लोखंडाला टेकलं होतं. मी म्हटलं, "बाबा, एकदा हँडल मारा." त्यांनी मारलं. चट चट आवाज करत तिथे निळी ठिणगी पडली. वीज प्लगांपर्यंत पोचतच नव्हती, वाटेतच लोखंडात उतरत होती.

"गणपतीचं वाहन हाय ते. त्याले नैवेद्य पोचला म्हना," आत्या पुटपुटली.

मी आईला सांगितलं की ही जागा वीज ज्यातून जात नाही अशा कशानेतरी बांधायला हवी. रबर घरात नव्हतं, सणाचा बाजार बंद. आई म्हणाली, "कशातून जात नाही वीज?" मला कॉलेजातली काचेची कांडी आणि ती घासायचा रुमाल आठवला. "रेशमातून," मी म्हटलं. "कोरडं, स्वच्छ, कधी तेल न लागलेलं रेशीम पाहिजे. वरून मेण लावलं तर उत्तम."

मेण आईच्या कपाळावरच होतं. तेव्हा बायका आधी मेणाचं बोट लावून त्यावर कुंकू रेखत. ती आत गेली. बाहेर आली तेव्हा एका हातात मेणाची डबी, दुसऱ्या हातात कात्री आणि काखेत एक घडी केलेलं धोतर होतं. पिवळ्या पडलेल्या घड्यांचं, बोटभर काठाचं.

बाबांनी ते ओळखलं. "अगं, हे काय करते? माझ्या लग्नातलं धोतर आहे ते!"

"हो का? मला वाटलं माझ्या ट्रंकेतलं आहे," आई म्हणाली आणि कात्री चालवली.

रेशीम कापल्याचा आवाज बारीक असतो. काठाची लांबच लांब पट्टी निघाली. आईने ती एका दमात, सरळ कापली. हे धोतर तिच्या वडिलांनी मागाशी बसून करवून घेतलेलं, आणि तेच आता ती फाडत होती. मला रडू यायला लागलं. ती म्हणाली, "रडू नको, तार ओली होईल."

मी तारेवरचं तूप घासून घासून पुसलं. आत्या बघत होती, पण रेशीम हे सोवळ्याचं, मेण तर मधमाशीचं. तिला बोट ठेवायला जागाच सापडली नाही. आईने पट्टीला मेण चोळलं, मी ती तारेवर गुंडाळत गेले, थरावर थर, काठाच्या कडा एकमेकींवर बसवत. बोटभर रुंदीची पट्टी, कुठे चुणी नाही, कुठे फुगा नाही. टोक आईने अंबाड्याच्या दोऱ्याने बांधलं. तार लोखंडापासून दूर वाकवली.

"मारा हँडल," आई म्हणाली.

बाबांनी मुकाट्याने मारलं. मोटार खोकली, हादरली, झेंडूची उरलेली फुलं उडवली आणि धडधडायला लागली. बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. आता त्यांना खरंच उमरेडला जावं लागणार होतं.

सक्करदऱ्याच्या पुढे गेल्यावर इंजिन तापलं आणि वास सुटला. वाटीतलं तूप वितळून पंख्याने सगळीकडे उडवलं होतं आणि तापल्या लोखंडावर ते कढत होतं. लग्नाच्या मुदपाकखान्यातून येतो तसा वास. दिघोरीपासून कुत्री मागे लागली. पाचगावला रस्त्याकडेच्या माणसांनी हात केला आणि एकाने ओरडून विचारलं, "कोनाकडं पंगत हाय जी?" बाबा ताठ बसून समोर बघत होते. पंखा मध्येच कुईकुई करायचा. आई दर वेळी जुडी घट्ट धरायची. मी मागे बसून झाडांवर नीलकंठ शोधत होते, दसऱ्याला दिसला तर चांगला म्हणतात, पण दिसले ते सगळे कावळे.

दिवेलागणीच्या थोडं आधी आम्ही पोचलो. आजोबा ओट्यावर बसले होते. मोटारीच्या आवाजाने गल्ली जमा झाली. आई उतरून धावतच गेली. "बाबा, आम्ही आलो. दोघं."

आजोबांनी डोळे बारीक करून तिच्या मागे बघितलं, स्टेशनवर बघत तसंच. मागे कुणीतरी होतं. ते उठले.   बाबांच्या हातात आपट्याची पानं होती आणि ती कशी पुढे करायची ते त्यांना कायद्याच्या एवढ्या पुस्तकांत कुठेच सापडलेलं नव्हतं. गल्ली बघत होती. आईकडे मला बघवत नव्हतं.

शेवटी आजोबा नाक उचलून म्हणाले, "तुपाचा वास काहून येऊन राह्यला?"

"मोटारीचा आहे," मी म्हटलं.

"मोटार तुपावर चालते? दाखव मले."

मी त्यांचा हात धरून नेलं आणि बॉनेट उघडलं. त्यांना अंधुक दिसत होतं, म्हणून त्यांनी हात पुढे केला. "हे गरम आहे, इथे नको," असं करत मी त्यांचा हात फिरवत होते आणि तो नेमका जाडजूड तारेवर जाऊन थांबला. मी घाबरले. त्यांची बोटं गुंडाळीवर चढली, उतरली, मेण नखाने बाजूला करून कडेवर आली. अंगठा आणि तर्जनी यांच्यात त्यांनी ती कड धरली. जन्मभर जे काम केलं ते करत होते.

"हा काठ माझा हाय," ते म्हणाले.

गल्लीतली माणसं आणखी जवळ सरकली.

"मांडवात देल्लं होतं ते धोतर." बोटं तशीच फिरत होती. "हे रेशीम कोरंच हाय. धुतलेलं रेशीम असं लागत नाही बोटाले. एकदाही पाण्यात गेलं नाही हे."

इतकी वर्षं त्या धोतराचं काय झालं ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि आईने कधी सांगितलं नव्हतं. आता त्यांना कळलं होतं. आईने तोंडावर पदर धरला. मला वाटलं, इथूनच परत फिरायचं. बाबा पुढे आले. 

"नाही नेसलो," ते म्हणाले. "मूर्खपणा झाला माझा. आज उंदरांनी तार कुरतडली, तर हिनं कापलं ते. त्याच्यामुळेच पोचलो."

आजोबांनी हात काढला नाही. बराच वेळ ते ती गुंडाळी चाचपत होते, प्रत्येक थराची कड कशी कडेवर बसली आहे ते बघत. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि मला वाटलं ते रडताहेत.

ते हसत होते.

"जवाईबापू, काठ रुंद असता तं? हातभर रुंद? बसला असता का ह्या तारेले?"

बाबांनी तारेकडे बघितलं. "नसता बसला," ते म्हणाले.

"अरुंद हाय म्हनून बसला नं?"

"अरुंद आहे म्हणून बसला." आणि बाबा वाकले. सगळ्या गल्लीसमोर, तुपाच्या वासात, पगडीसकट वाकून त्यांनी आजोबांच्या पायांना हात लावला आणि त्यांच्या तेलकट, मेणकट हातात आपट्याची पानं ठेवली. आजोबांनी त्यांचा दंड धरला तो घरात जाईपर्यंत सोडला नाही. आई तिथेच मोटारीच्या पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडली. मीही रडले. आता तार ओली व्हायची भीती नव्हती.

निघताना आजोबांनी बाबांना नवं धोतर दिलं. काठ तेवढाच, बोटभर. दसऱ्याची सुटी संपून कोर्ट उघडलं त्या पहिल्याच दिवशी बाबा ते नेसून गेले. संध्याकाळी आईने ते स्वतः धुतलं, स्वच्छ पिळलं आणि मागच्या अंगणात न नेता पुढच्या दारी, रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं, दोरीवर वाळत घातलं.